गाय उलटते तेव्हा अंडनलिकेत काय घडते? पशुपालकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्याच्या टपालात गाय उलटण्याविषयीची, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता ती पुन्हा माजावर येण्याविषयीची, पत्रे सर्वाधिक आहेत. मराठवाड्याच्या वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेल्या या पत्रांत गर्भाशयाविषयी जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. परंतु शुक्राणू आणि बीजांड यांची गाठ प्रत्यक्षात जेथे पडते, त्या अंडनलिकेविषयी बरेच गैरसमज दिसतात. म्हणून यावेळी निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चार संकरित गाई आणि एक देवणी आहे. त्यांपैकी एक संकरित गाय दर एकवीस दिवसांनी नेमाने माजावर येते, सोट (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो, तरी सलग चार वेळा कृत्रिम रेतन करूनही ती गाभण राहिली नाही. पहाटे धार काढताना माज दिसला की उशीर नको म्हणून मी लगेच फोन करतो आणि आठ वाजेपर्यंत रेतन उरकून घेतो. गावातील एका जाणकाराने गाईच्या ‘नळीत’ दोष असल्याचे सांगितले. ही नळी नेमके काय काम करते, आणि गाय विकून टाकावी का?
(एक दूध उत्पादक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : गाय विकण्याची घाई करू नये. आपण दिलेल्या वर्णनात नळीच्या दोषापेक्षा वेळेची चूक असण्याची शक्यता मला अधिक दिसते. माजाचे चक्र नियमित आहे, म्हणजे अंडाशयाचे काम बहुधा ठीक चालले आहे. सोट स्वच्छ आहे, म्हणजे गर्भाशयात उघड दिसणारा पू नाही. आपण ज्याला उशीर टाळणे म्हणता, तीच येथे घाई ठरत असावी. ते समजण्यासाठी आधी नळीचे काम पाहू.

गाईच्या प्रत्येक अंडाशयापासून गर्भाशयाच्या शिंगापर्यंत साधारण २० ते ३० सेंटीमीटर लांबीची, नागमोडी आणि जेमतेम काही मिलिमीटर जाडीची एक नलिका जाते; हीच अंडनलिका, म्हणजे आपण म्हणता ती ‘नळी’. तिचे अंडाशयाकडचे तोंड नरसाळ्यासारखे पसरट असते व सुटलेले बीजांड ते झेलते; त्यापुढचा रुंद भाग म्हणजे फलनाची जागा; आणि गर्भाशयाकडचा अरुंद, जाड भिंतीचा भाग म्हणजे शुक्राणूंचा मुक्काम. निरोगी गाईत ही नलिका इतकी मऊ असते की गुदद्वारातून हात घालून तपासणाऱ्या अनुभवी पशुवैद्यालाही ती सहसा बोटांना स्पष्ट लागत नाही. त्यामुळे केवळ हाताने चाचपून नळी निकामी ठरवणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नये.

माजाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत अंडाशयावरील पुटिका (बीजांड असलेली द्रवाची पिशवी) वाढते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते. गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर उडते, सोट टाकते, ते याच संप्रेरकामुळे. त्याच वेळी डोळ्यांना न दिसणारे कामही ते करीत असते. नलिकेच्या आतल्या अस्तरातील काही पेशींवर सूक्ष्म केसांसारखे पक्ष्म असतात, तर बाकीच्या पेशी स्राव तयार करतात. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली पक्ष्म भरगच्च होतात, स्राव वाढतो आणि त्यात ओव्हिडक्टिन नावाचे शर्करायुक्त प्रथिन उतरते. हे प्रथिन बीजांडाच्या कवचाला आणि शुक्राणूंना चिकटते व शुक्राणूंची हालचाल आणि आयुष्य टिकवण्यास मदत करते.

रेतनाच्या एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. गर्भाशयात सोडल्यानंतर त्यांपैकी बहुतेक मागे वाहून जातात किंवा पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात. नलिकेच्या अरुंद भागापर्यंत पोचतात ते काही हजार. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य मोठे पाहण्यासारखे असते: शुक्राणूचे डोके पक्ष्मांच्या मध्ये चिकटलेले असते आणि शेपटी मात्र मोकळी वळवळत असते. असा चिकटलेला शुक्राणू सुट्या शुक्राणूपेक्षा जास्त काळ तग धरतो. याच मुक्कामात त्याच्या पृष्ठभागात असे बदल होतात की त्यांशिवाय तो बीजांडात शिरूच शकत नाही. गाईच्या शुक्राणूला त्यासाठी काही तास लागतात. ताज्या शुक्राणूला ही तयारी आवश्यक असते, हे १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन या दोन संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले.

आता संप्रेरकांची पाळी बदलते. इस्ट्रोजेन शिगेला पोचले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची लाट येते आणि त्यानंतर सुमारे एक दिवसाने पुटिका फुटून बीजांड सुटते. बीजांडाभोवती लहान पेशींचा पुंजका असतो व त्या प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार करतात; पुटिकेतील द्रवातही ते भरपूर असते. गाईच्या नलिकेतील पेशींवर केलेल्या प्रयोगांत प्रोजेस्टेरॉनच्या संपर्कात येताच चिकटलेले शुक्राणू सुटे होऊ लागल्याचे आढळले आहे. म्हणजे शुक्राणूंना निघण्याची सूचना बीजांडाच्या आगमनाबरोबरच मिळते. ते एकदम सगळे सुटत नाहीत, थोडे थोडे सुटतात, आणि त्यामुळे एका बीजांडात अनेक शुक्राणू शिरण्याचा धोका कमी होतो.

हे सर्व ज्या बाजूचे बीजांड सुटते, त्या बाजूच्या नलिकेत अधिक जोरात घडते. अंडाशयाला रक्त देणारी धमनी तेथून निघणाऱ्या शिरेच्या अंगावरच वेटोळी घेत जाते. शिरेतील संप्रेरके भिंतीतून धमनीत झिरपतात आणि परत अंडाशय व नलिकेकडे जातात. म्हणून गळ्याच्या शिरेतून घेतलेल्या रक्तात प्रोजेस्टेरॉन जेवढे दिसते, त्याहून कितीतरी जास्त त्या बाजूच्या नलिकेला मिळत असते. नलिकेच्या स्नायूंचे आकुंचन आणि शिथिलीकरण मात्र प्रामुख्याने तिच्या अस्तरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्यावर चालते, आणि त्या निर्मितीला एलएचकडून चालना मिळते.

आता आपल्या गाईचा हिशेब करू. माज सुमारे १२ ते १८ तास टिकतो आणि बीजांड माज संपल्यावर १० ते १२ तासांनी सुटते. सुटलेले बीजांड फलनक्षम राहते ते फार तर ८ ते १० तास. गोठवलेल्या वीर्यातील शुक्राणू गाईच्या शरीरात साधारण एक दिवस कार्यक्षम राहतात. पहाटे माज नुकताच सुरू झाला असेल आणि आठ वाजता रेतन झाले असेल, तर बीजांड दुसऱ्या दिवशी सकाळी सुटेपर्यंत नलिकेतील साठा जवळजवळ संपलेला असतो. उलट फार उशिरा रेतन केले, तर फलन होऊ शकते, पण म्हाताऱ्या बीजांडापासून तयार झालेला गर्भ बहुधा कमकुवत निघतो. म्हणून सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम आजही योग्य आहे. दुसरी गाय अंगावर उडाली असता जी गाय न हलता उभी राहते, ती खऱ्या माजात असते. नुसत्या हंबरण्यावरून वेळ धरू नये. रेतन करणाऱ्या पर्यवेक्षकाकडे अनेक गावे असतात आणि तो सकाळीच मोकळा असतो, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीही फोन करताना माज केव्हा दिसला ते सांगून संध्याकाळची वेळ मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. निरोगी गाईत योग्य वेळी रेतन झाल्यास दहापैकी जवळजवळ नऊ वेळा फलन होते, तरी वासरू मिळते ते निम्म्याच्या आसपास. मधले बरेच गर्भ पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतच नष्ट होतात. गर्भ सोळाव्या दिवसाच्या आत गेला, तर गाय ठरल्याप्रमाणे एकविसाव्या दिवशी माजावर येते आणि आपण म्हणतो, ‘रेतन लागलेच नाही’. प्रत्यक्षात ते लागलेले असू शकते.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. फलन नलिकेत झाल्यावर गर्भ लगेच गर्भाशयात का जात नाही? वाढायचे तर गर्भाशयातच आहे, मग हा विलंब कशासाठी?
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : प्रश्न चांगला आहे, कारण पाठ्यपुस्तकात नलिकेला बहुधा एका वाक्यात आटोपले जाते. गाईचा गर्भ सुमारे चार दिवस नलिकेत राहतो आणि ८ ते १६ पेशींचा झाल्यावर गर्भाशयात उतरतो. डुकरिणीत हा काळ दोनच दिवसांचा, तर घोडीत पाच ते सहा दिवसांचा असतो.

विलंबाचे एक कारण गर्भाशयात आहे. रेतनानंतर तेथे उरलेले शुक्राणू आणि जंतू साफ करण्यासाठी पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने जमा होतात. ती धामधूम शांत व्हायला वेळ लागतो. शिवाय गर्भाशयाचे अस्तर अजून इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली असते. ते गर्भाला पोसण्याजोगे होण्यासाठी काही दिवस प्रोजेस्टेरॉन मिळावे लागते. फुटलेल्या पुटिकेच्या जागी पीतपिंड तयार होतो व त्याचे प्रोजेस्टेरॉन साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून लक्षणीय वाढू लागते. नलिकेचा अरुंद भाग पहिले काही दिवस आवळलेला असतो, आणि हे संप्रेरक वाढले की त्याचे स्नायू सैल पडून गर्भाला वाट मिळते. म्हणजे गर्भाला खाली सोडणारे आणि खालची जागा तयार करणारे संप्रेरक एकच आहे, म्हणूनच दोन्ही गोष्टींचा मेळ बसतो. ससे आणि उंदीर यांसारख्या प्राण्यांना प्रयोगात फलनानंतर बाहेरून इस्ट्रोजेन दिले तेव्हा हा मेळ बिघडला: प्राण्याची जात आणि मात्रा यांनुसार गर्भ कधी वेळेआधीच गर्भाशयात गेले, तर कधी नलिकेतच अडकून पडले.

दुसरे कारण खुद्द गर्भाच्या गरजांत आहे. पहिली विभाजने गर्भ स्वतःच्या जनुकांवर करीत नाही. बीजांडात आईने भरून ठेवलेल्या शिदोरीवर करतो. गाईच्या गर्भाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात ती आठ पेशींच्या सुमारास. या काळात त्याला ग्लुकोज फारसे मानवत नाही. पायरुव्हेट, लॅक्टेट आणि अमिनो आम्ले यांवर तो चालतो, आणि नलिकेतील द्रवात नेमके हेच घटक असतात. तेथे प्राणवायूही हवेतल्यापेक्षा बराच कमी असतो, जो या नाजूक अवस्थेला मानवतो. हा द्रव कधी किती आणि कसा स्रवावा, हे पुन्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या प्रमाणावर ठरते.

नलिकेची ही क्षमता संशोधकांनी मोठ्या युक्तीने वापरली आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मेंढीचे गर्भ सशाच्या नलिकेत ठेवून ते इंग्लंडहून विमानाने दक्षिण आफ्रिकेत नेले गेले, तेथे दुसऱ्या मेंढ्यांत सोडले गेले आणि त्यांपासून कोकरे जन्मली. १९९६ मध्ये जन्मलेल्या डॉली या क्लोन केलेल्या मेंढीचा गर्भही सुरुवातीचे सहा दिवस दुसऱ्या मेंढीच्या बांधून बंद केलेल्या अंडनलिकेत वाढवला होता. आज गाईचे गर्भ प्रयोगशाळेत तयार होतात, म्हणजे नलिका अपरिहार्य नाही असे कोणी म्हणेल. परंतु प्रयोगशाळेतच फलित झालेली बीजांडे नंतर मेंढीच्या नलिकेत वाढवली, तर त्या गर्भांना गोठवणे अधिक सोसते, असे दिसून आले आहे.

घोडीची गोष्ट याहून विलक्षण आहे. तिच्यात फलन न झालेले बीजांड नलिकेतच महिनोन्महिने पडून राहते, आणि फलित गर्भ मात्र त्याला ओलांडून खाली जातो. कारण योग्य वयाचा गर्भ स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्रवतो व नलिकेचे स्नायू सैल करून घेतो.

प्रश्न : शेळ्यांनाही हेच लागू आहे का? उस्मानाबादी शेळ्या आहेत, बोकड कळपातच असतो.
(एक महिला पशुपालक, ता. भूम, जि. धाराशिव)

उत्तर : ताई, संप्रेरके तीच आणि क्रमही तोच. शेळीचा माज साधारण एक ते दीड दिवस टिकतो आणि बीजे माजाच्या अखेरीस सुटतात. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे बऱ्याचदा होतात, म्हणजे तिच्यात एका माजात एकाहून अधिक बीजे सुटतात. बोकड कळपातच असेल तर वेळेची चिंता आपणास करावी लागत नाही. कृत्रिम रेतन करणार असाल तर माज दिसल्यापासून सुमारे बारा तासांनी करावे. बोकड मात्र दर दीड-दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींना (मादी पिलांना) लागतो.

प्रश्न : रेतनाच्या वेळी ‘गर्भ टिकण्याचे’ इंजेक्शन देण्याचा आग्रह धरला जातो. ते द्यावे का? माज न दाखवणाऱ्या गाईला माजाचे इंजेक्शन द्यावे का?
(एक शेतकरी, ता. माजलगाव, जि. बीड)

उत्तर : इंजेक्शन कोणते, हे नाव विचारल्याशिवाय देऊ देऊ नये. रेतनाच्या वेळी जीएनआरएच वर्गातील औषध दिले जाते, त्याने एलएचची लाट येते. बीजांड उशिरा सुटत असल्याची शंका असलेल्या, वारंवार उलटणाऱ्या गाईत त्याचा उपयोग होऊ शकतो. रेतनाच्याच दिवशी प्रोजेस्टेरॉन टोचणे मात्र मला पटत नाही. वर सांगितल्याप्रमाणे तेव्हा बीजांड अजून सुटलेले नसते, आणि बाहेरून आलेले प्रोजेस्टेरॉन एलएचची लाट दाबून बीजांड सुटणेच रोखू शकते. गर्भ टिकवण्यासाठी दिलेले औषध गर्भ तयारच होऊ देत नाही, असा उलटा प्रकार घडतो. पीतपिंड कमजोर असल्यास काही दिवसांनी उपचार करता येतात, पण तो निर्णय तपासणीनंतरचा आहे.

इस्ट्रोजेन टोचून माज आणण्याविषयी एवढेच सांगतो की त्याने माजाची लक्षणे दिसतात, बीजांड सुटेलच असे नाही. अशा गाईला आधी खुराक, खनिज मिश्रण आणि जंतनाशक यांकडे पाहावे व अंडाशयाची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत संकरित गाई गाभणच राहत नाहीत. उन्हाचा नळीवर परिणाम होतो का?
(एक वाचक, जि. परभणी)

उत्तर : होतो, आणि केवळ नळीवर नाही. पारा चाळिशीपार गेल्यावर पुटिकेतून इस्ट्रोजेन कमी स्रवते, माज सौम्य व आखूड होतो. म्हशीत तर तो बऱ्याचदा मुकाच, म्हणजे लक्षणांशिवाय, राहतो. गाईच्या शरीराचे तापमान एरवी ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते एक अंशाने चढून तसेच राहिले तरी एक-दोन पेशींचा गर्भ ते सोसू शकत नाही. प्रयोगात असे दिसले आहे की उष्णतेचा तोच ताण रेतनाच्या दुसऱ्या दिवशी गर्भाला घातक ठरतो आणि आणखी दोन दिवसांनी तेवढा घातक ठरत नाही. म्हणजे सर्वांत नाजूक काळ गर्भ नलिकेत असतानाचाच आहे.

यातून एक व्यवहार्य गोष्ट निघते. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर सगळा गोठा दिवसभर गार ठेवणे शक्य नसते. तेव्हा असलेले पाणी माजावर आलेल्या गाईसाठी, रेतनाच्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस राखून ठेवावे: दाट सावली, पाठीवर ओले गोणपाट, शक्य असल्यास पंखा, आणि प्यायला दिवसरात्र गार पाणी. इतर गाईंना सावली आणि प्यायचे पाणी चुकवू नये, हे सांगणे नको.

प्रश्न : स्त्रियांमध्येही असेच घडते का?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : क्रम तोच, आकडे वेगळे. स्त्रीची नलिका १० ते १२ सेंटीमीटरची असते. बीजांड सुमारे एक दिवस फलनक्षम राहते, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, आणि गर्भ तीन-चार दिवसांनी गर्भाशयात येतो. गाईत अत्यंत दुर्मीळ असलेला एक धोका स्त्रीमध्ये आहे: दर शंभर गर्भधारणांत एक-दोन गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेतच रुजतात, आणि ते जिवावर बेतू शकते. पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. आपल्या देशात नलिका खराब होण्याच्या कारणांत जननमार्गाचा क्षयरोगही आहे. याहून अधिक सांगणे पशुवैद्याचे काम नव्हे.

प्रश्न : नळी खरोखरच बंद असेल तर ते कसे कळते? त्यावर उपाय आहे का?
(एक दूध उत्पादक, ता. उदगीर, जि. लातूर)

उत्तर : वार अडकून गर्भाशयात पू झाल्याचा इतिहास असेल, किंवा पूर्वी कोणी अंडाशय जोरात दाबून पीतपिंड काढण्याचा प्रयत्न केला असेल, तर नलिका चिकटण्याची शक्यता वाढते. वेळ, वीर्य आणि संसर्ग यांची खात्री करूनही गाय उलटत राहिली, तरच ही तपासणी करावी. त्यासाठी गर्भाशयाच्या एका शिंगात विशिष्ट रंगद्रव्य सोडले जाते. नलिका मोकळी असेल तर ते पोटाच्या पोकळीत जाते, रक्तात शोषले जाते आणि लघवीत उतरते. लघवीत अल्कली घातल्यावर लालसर रंग आला, तर ती बाजू मोकळी आहे. दुसऱ्या बाजूची तपासणी वेगळ्या दिवशी करतात. या तपासणीची चौकशी आपण उदगीरच्या किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात करावी.

एकच बाजू बंद असेल तर प्रत्येक माजात पुटिका कोणत्या अंडाशयावर आहे ते तपासून, मोकळ्या बाजूला असेल तेव्हाच रेतन करावे. दोन्ही बाजू बंद असतील तर त्या गाईपासून तिचे स्वतःचे वासरू रेतनाने मिळणार नाही. मात्र तिचे गर्भाशय निरोगी असेल, तर तिच्यात दुसऱ्या गाईचा सात दिवसांचा गर्भ माजानंतर सातव्या दिवशी थेट गर्भाशयात सोडता येतो, कारण त्या वयाच्या गर्भाचे नलिकेतील काम तोवर संपलेले असते.